वाचकांचे प्रश्न : हत्ती, कपबशी आणि ‘वाया गेलेले’ मत

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. भाजपला २४०, काँग्रेसला ९९, राष्ट्रीय लोकशाही आघाडीला २९३ आणि इंडिया आघाडीला २३४ जागा हे आकडे आता सर्वांना पाठ झाले आहेत, आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांचीही वाण नाही. आपल्या नागपूरच्या वाचकांनी मात्र निकालाच्या तक्त्यात खाली, बारीक अक्षरांत छापल्या जाणाऱ्या ओळींबद्दल विचारले आहे. बहुजन समाज पक्ष (बसप), वंचित बहुजन आघाडी (वंचित), रिपब्लिकन गट, विदर्भवादी पक्ष, अपक्ष यांना मिळालेल्या मतांचे काय झाले, हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सात पत्रांत आला, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गेली वीस वर्षे हत्तीलाच मत देत आलो आहे. निकालाच्या संध्याकाळी पुतण्या म्हणाला, “काका, तुमचं मत पाण्यात गेलं.” घरात त्यावरून मोठा वाद झाला. माझे मत खरोखर वाया गेले का? (एक वाचक, इंदोरा)

उत्तर : आपल्या पत्रातली वेदना एकट्या आपली नाही, हे आधी सांगतो, कारण नागपूर मतदारसंघात आपल्यासोबत हत्तीचे बटण दाबणाऱ्यांची संख्या पंधरा वर्षांत झपाट्याने ओसरली आहे. २००९ मध्ये बसपच्या उमेदवाराला येथे सुमारे १ लाख १८ हजार मते होती, आणि त्या वर्षी विलास मुत्तेमवार यांनी बनवारीलाल पुरोहित यांचा जेमतेम २४ हजारांनी पराभव केला होता, यावरून त्या मतांचे वजन लक्षात यावे. २०१४ मध्ये ती मते ९६ हजारांवर आली, २०१९ मध्ये ३१ हजारांवर, आणि या वेळी १९ हजारांवर. मतदारसंघाच्या सीमा या चारही निवडणुकांत त्याच होत्या. म्हणजे २००९ मध्ये हत्तीला जेवढी मते होती, त्यांपैकी दर सहा मतांमागे पाच मते आज त्याच्याकडे नाहीत.

ती कोठे गेली याचा अंदाज आपल्या वस्तीतच बांधता येतो. उत्तर नागपुरात या वेळी काँग्रेसच्या विकास ठाकरे यांना आघाडी होती. वंचितनेही नागपुरात त्यांना पाठिंबा दिला होता. संविधान बदलले जाईल ही भीती प्रचारात इतकी खोलवर पोहोचली होती, की वर्षानुवर्षे निळ्या झेंड्याखाली राहिलेल्या अनेक कुटुंबांनी ‘या वेळेपुरते’ म्हणून पंजाचे बटण दाबले. नितीन गडकरी जिंकले, पण २०१४ मध्ये २ लाख ८४ हजारांवर आणि २०१९ मध्ये २ लाख १६ हजारांवर असलेले त्यांचे मताधिक्य १ लाख ३७ हजारांवर आले, त्यामागे या स्थलांतरित मतांचाही हात आहे असे मी मानतो.

आपला प्रश्न मात्र जे गेले त्यांच्याबद्दल नाही, आपण राहिलात त्याबद्दल आहे. मत वाया जाण्याची व्याख्या ‘ज्याला दिले तो हरला’ एवढीच करायची, तर नागपुरात विकास ठाकरे यांना मिळालेली पाच लाख सतरा हजार मतेही वाया गेली असे म्हणावे लागेल, आणि तसे कोणी म्हणत नाही. आपल्या मताची नोंद झाली आहे; पक्षाची मान्यता ठरवताना ते धरले जाते, आणि पुढच्या निवडणुकीत उत्तर नागपुरात उमेदवार ठरवताना प्रत्येक पक्षाचा माणूस तो आकडा पाहतो. एखाद्या वस्तीत हत्तीची मते शिल्लक आहेत म्हणूनच मोठे पक्ष त्या वस्तीत येतात, हे आपण वीस वर्षांत पाहिले असेल.

तरीही पुतण्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडली आहे, आणि ती मतदाराला नव्हे, पक्षाला विचारायला हवी. देशभर बसपला २ टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली आणि जागा शून्य. २०१९ मध्ये समाजवादी पक्षासोबत लढून दहा जागा होत्या. उत्तर प्रदेशात पक्षाची मते १९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या घरात आली. २०१९ मध्ये बसपने जिंकलेल्या नगीना मतदारसंघात या वेळी चंद्रशेखर आझाद दीड लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले आणि बसपचा उमेदवार तेरा हजारांच्या आसपास थांबला. म्हणजे आंबेडकरी मत तेथे नाहीसे झालेले नाही, त्याने केवळ दुसरे घर शोधले आहे. निकालानंतर मायावती यांनी पुरेसे प्रतिनिधित्व देऊनही मुस्लीम समाजाने साथ दिली नाही आणि पुढे विचारपूर्वक संधी दिली जाईल, अशी भूमिका मांडली. ती वाचून मला अतिशय वाईट वाटले, कारण नगीनाचा आकडा समोर असताना मतदाराला दोष देणे म्हणजे चेहरा पुसण्याऐवजी आरसा पुसण्यासारखे आहे.

नागपूरपुरते आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. छोटा पक्ष खासदारांवर जगत नाही, नगरसेवकांवर जगतो. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत १५१ पैकी दहा नगरसेवक बसपचे होते, आणि शिवसेनेचे दोन व राष्ट्रवादीचा एक असताना हा पक्ष सभागृहात तिसऱ्या क्रमांकावर होता. नळाला पाणी येत नाही, गडर तुंबली, दाखला अडला, तर वस्तीतील माणूस ज्याच्या दारात जातो तो हा नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे गेला आणि या लोकसभेपर्यंत महापालिकेची निवडणूक झालेली नव्हती. मोठ्या पक्षाकडे आमदार असतात, खासदार असतात, सत्तेतली पदे असतात. त्याचा कार्यकर्ता या काळात कसाबसा तग धरतो. छोट्या पक्षाच्या हातात वस्तीत उभे राहण्याचे जे एकमेव कारण होते, तेच मार्च २०२२ मध्ये निघून गेले. त्यात चार सदस्यांच्या प्रभागामुळे चार वेगवेगळ्या गटांचे उमेदवार आणि चौपट खर्च उभा करावा लागतो, जे बसप किंवा वंचितसारख्या पक्षाला फारच जड जाते. आपला पुतण्या ज्याला मत पाण्यात जाणे म्हणतो, त्यातला मोठा भाग या कोरड्या पडलेल्या विहिरीचा आहे.

प्रश्न : अकोल्यात काँग्रेस चाळीस हजारांनी हरली आणि प्रकाश आंबेडकरांनी पावणेतीन लाख मते घेतली. बुलढाण्यातही तसेच झाले. मते खाणाऱ्या अशा पक्षांना कोणी ‘बी टीम’ म्हटले, तर त्यात चूक काय? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : आपले आकडे बरोबर आहेत. अकोल्यात अनुप धोत्रे यांना ४ लाख ५७ हजार, काँग्रेसचे डॉ. अभय पाटील यांना ४ लाख १६ हजार आणि प्रकाश आंबेडकर यांना २ लाख ७६ हजार मते मिळाली. बुलढाण्यात प्रतापराव जाधव २९ हजारांनी जिंकले, आणि तेथे रविकांत तुपकर यांनी अपक्ष लढून जवळपास अडीच लाख, तर वंचितच्या उमेदवाराने ९८ हजार मते घेतली. या आकड्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते थोडे सविस्तर लिहितो.

‘मते खाल्ली’ असे म्हणताना आपण असे गृहीत धरतो, की ताट दुसऱ्या कोणाचे तरी होते. अकोल्यात ते कोणाचे होते? प्रकाश आंबेडकर १९९८ आणि १९९९ मध्ये या मतदारसंघातून खासदार झाले. २०१९ मध्ये त्यांना २ लाख ७८ हजार मते होती आणि काँग्रेसच्या उमेदवाराला २ लाख ५४ हजार. म्हणजे पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या क्रमांकावर आंबेडकर होते आणि काँग्रेस तिसरी होती. त्या वर्षी मते कोणी कोणाची खाल्ली, असे विचारणारे पत्र माझ्याकडे आलेले आठवत नाही. पावणेतीन लाखांचा हा गठ्ठा दोन निवडणुकांत जवळपास तेवढाच राहिला आहे. तो कोणाकडून हिरावून घेतलेला नाही. अकोला पॅटर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बौद्ध, ओबीसी आणि लहान जातिसमूहांना एका मोळीत बांधण्याच्या चाळीस वर्षांच्या कामातून तो उभा राहिला आहे.

बुलढाण्याचे गणित तर आणखी वेगळे आहे. तुपकर यांना मिळालेली मते सोयाबीन आणि कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांची होती. तुपकर उभे नसते तर त्यांतला प्रत्येक मतदार मशालीकडे गेला असता, असे मानायला आधार नाही. काही धनुष्यबाणाकडे गेले असते आणि काही मतदानालाच गेले नसते. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले आणि वंचितच्या उमेदवाराला दहा हजार मते होती, म्हणून वंचितवर खापर फुटले. त्याच मतदारसंघात ‘नोटा’ला पंधरा हजारांवर मते आहेत, आणि नोटाला कोणी बी टीम म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग छोट्या पक्षांच्या नेत्यांची काहीच जबाबदारी नाही का? आहे, आणि ती मोठी आहे. १९९८ ची लोकसभा आठवून पाहा. त्या वर्षी रिपब्लिकन नेते काँग्रेससोबत समझोता करून लढले आणि चार जण निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चौघांपैकी तिघे आपल्या विदर्भातले, आणि चारही मतदारसंघ खुले. आंबेडकरी मत आणि काँग्रेसचे मत एकमेकांकडे सहज वळते, याचा इतका स्वच्छ पुरावा पुन्हा मिळालेला नाही. त्यानंतर गट पुन्हा फुटले. ज्या पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच नागपुरात झाली, त्याच्या नावापुढे नेत्यांची आडनावे कंसात लिहिण्याची पाळी आली.

या वेळी महाविकास आघाडी आणि वंचित यांची बोलणी फिसकटली. दोन्ही बाजूंनी परस्परांना दोष दिला आणि प्रत्यक्ष चर्चेत कोण किती ताणत होते हे त्यांनाच ठाऊक. पण वंचितची राज्यातील मते २०१९ मधील सुमारे सात टक्क्यांवरून या वेळी तीन टक्क्यांच्या आत आली, आणि सभांना येणाऱ्या समर्थकांपुढे त्याचा जाब देण्याची जबाबदारी नेतृत्वाची आहे. धरमपेठेतल्या आपल्यासारख्या मतदारासमोर ती नाही. मोठ्या पक्षालाही तोच नियम लागू होतो : अकोल्यातली पावणेतीन लाख मते हवी होती, तर ती मागण्याची वेळ मार्चमध्ये होती.

प्रश्न : डिपॉझिट जप्त होते म्हणजे नेमके काय होते? नागपुरात किती जणांचे गेले? (एक विद्यार्थिनी, महाल)

उत्तर : लोकसभेसाठी उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांना त्याच्या निम्मी, साडेबारा हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर ती रक्कम सरकारजमा होते. नागपुरात सुमारे बारा लाख मते पडली, म्हणजे अनामत वाचवायला दोन लाखांच्या आसपास मते हवी होती. रिंगणात २६ उमेदवार होते आणि पहिले दोन सोडून कोणीही त्या रेषेजवळ पोहोचले नाही. आता हे अकोला-बुलढाण्याशी ताडून पाहा : प्रकाश आंबेडकर आणि रविकांत तुपकर तिसरे आले, तरी दोघांचीही अनामत वाचली.

प्रश्न : ओडिशात बिजू जनता दलाला एवढी मते मिळूनही एक जागा नाही, आणि तिकडे १६ खासदारांच्या जोरावर चंद्राबाबू दिल्लीचे सरकार धरून आहेत. हा कुठला न्याय? (एक निवृत्त मुख्याध्यापक, प्रतापनगर)

उत्तर : आपण दिलेल्या उदाहरणाला मी आणखी एक जोडतो, जे मला अधिक बोचते. देशभरातील मतांत बसपचा वाटा २.०४ टक्के आहे आणि तेलुगू देसमचा १.९८ टक्के. पहिल्याला शून्य जागा, दुसऱ्याला सोळा. ओडिशात बिजू जनता दलाला सुमारे ३७ टक्के मते मिळाली आणि एकवीसपैकी वीस जागा भाजपने, एक काँग्रेसने नेली. तमिळनाडूत अण्णाद्रमुकला वीस टक्क्यांच्या आसपास मते आणि हाती काहीच नाही.

कारण आपल्या पद्धतीत आहे. ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून आला, उरलेल्यांची बेरीज कितीही असो. या पद्धतीत मते किती आहेत यापेक्षा ती कोठे साचली आहेत याला महत्त्व येते. तेलुगू देसमची मते एका राज्यात, सतरा मतदारसंघांत, जनसेना आणि भाजप यांच्या सोबतीने एकवटली. चिराग पासवान यांच्या पक्षाने पाच जागा लढवून पाचही जिंकल्या त्याचे कारण तेच. बसपची मते मात्र पाटण्यापासून नागपूरपर्यंत दर मतदारसंघात वीस-तीस हजार अशी शिंपडलेली आहेत. शिंपडलेल्या पाण्याने रान ओलसर होते, पण पाट वाहत नाही.

हा अन्याय घटना बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हता असे नाही, आणि या चर्चेत आपल्या प्रांताचा वाटा आहे हे सांगताना मला समाधान वाटते. मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर गेलेले काझी सय्यद करिमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांची मुख्य कारणे दोन होती : या पद्धतीत मतदाराला निदान अंक वाचता-लिहिता यायला हवेत आणि देशात साक्षरता अत्यल्प आहे, शिवाय त्यामुळे सभागृहाचे इतके तुकडे पडतील, की स्थिर सरकार उभे राहणार नाही. ज्या पद्धतीची बाजू त्यांनी घेतली, त्याच पद्धतीत पुढे स्वतः बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पराभूत झाले, हे मला नेहमी विलक्षण वाटते. त्यांच्या दोन कारणांपैकी पहिले आज उरलेले नाही. दुसरे अजून विचार करायला लावणारे आहे, आणि त्यामुळेच विधी आयोगाने १९९९ मधील १७० व्या अहवालात सुचवलेला मधला मार्ग मला पटतो : आहेत त्या मतदारसंघांची निवडणूक आज होते तशीच राहावी, आणि लोकसभेत साधारण एक चतुर्थांश जागा वाढवून त्या पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भराव्यात. पंचवीस वर्षे तो अहवाल तसाच पडून आहे. ज्या मोठ्या पक्षांना आजच्या पद्धतीचा लाभ मिळतो तेच ती बदलण्याचा निर्णय घेणार, ही खरी अडचण आहे.

चंद्राबाबूंबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. भाजप बहुमताच्या २७२ या आकड्यापासून ३२ जागा दूर राहिला, म्हणून तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ खासदारांना मोल आले. मतदाराने कोणालाही एकट्याला सत्ता दिली नाही, तेव्हा ज्यांच्याकडे उरलेल्या जागा आहेत त्यांना विचारावेच लागते. हा सौदा आहे हे खरे, पण तो सभागृहातल्या संख्येवर उघडपणे होणारा सौदा आहे.

प्रश्न : गेल्या लोकसभेला वंचितची कपबशी होती, या वेळी राज्यात प्रेशर कुकर होता, आणि आमच्या रामटेक मतदारसंघात तर पाठिंबा अपक्षाला. माझ्या आईने मशीनसमोर उभे राहून चिन्ह शोधले आणि शेवटी घाईत भलतेच बटण दाबले. पक्षांना एक चिन्ह कायम का मिळत नाही? (एक वाचक, कामठी)

उत्तर : कायमचे चिन्ह मान्यताप्राप्त पक्षालाच मिळते आणि त्या मान्यतेच्या अटी १९६८ च्या चिन्ह आदेशात दिल्या आहेत. राज्यस्तरीय पक्ष व्हायचे तर राज्यात सहा टक्के मते आणि त्यासोबत विधानसभेत दोन आमदार किंवा लोकसभेत एक खासदार हवा. आणखीही काही मार्ग आहेत, त्यांपैकी एक असा, की जागा एकही नसली तरी मते आठ टक्के असावीत. २०१९ च्या लोकसभेत वंचित सात टक्क्यांजवळ पोहोचली, पण स्वतःचा खासदार नव्हता. औरंगाबादेत निवडून आलेले इम्तियाज जलील तांत्रिकदृष्ट्या वंचितच्या तेव्हाच्या मित्रपक्षाचे, एमआयएमचे होते. एका टक्क्याने मान्यता हुकली आणि दर निवडणुकीला नव्याने चिन्ह मागण्याची पाळी कायम राहिली.

आपल्या आईला झालेला त्रास किरकोळ समजू नये. रामटेकमध्ये २८ उमेदवार होते आणि एका मतदान यंत्रावर सोळाच बटणे असतात, म्हणून दोन यंत्रे शेजारी ठेवावी लागली होती. वृद्ध मतदार चिन्हावरच विसंबतो. पक्ष नवा आणि चिन्ह ऐनवेळी मिळालेले असेल, तर पंधरा दिवसांत ते घरोघर पोहोचवायला लागणारा पैसा आणि माणसे ज्याच्याकडे नाहीत, तोच पक्ष या नियमाच्या कचाट्यात सापडतो. मोठ्या पक्षालाही त्याची झळ याच निवडणुकीत बसली. शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळाले, आणि दिंडोरीत ज्या अपक्षाला नुसती ‘तुतारी’ मिळाली त्याला १ लाख ३ हजारांवर मते पडली. साताऱ्यात उदयनराजे भोसले यांचे मताधिक्य ३२ हजारांचे होते आणि तुतारीवाल्या अपक्षाची मते ३७ हजार. मला वाटते, गेल्या निवडणुकीत दोन-तीन टक्के मते मिळवलेल्या पक्षाला त्याचे जुने चिन्ह पुढच्या एका निवडणुकीसाठी राखून ठेवण्याची तरतूद व्हायला हवी. त्याने कोणाचे नुकसान होणार नाही आणि आपल्या आईसारख्या मतदाराला केंद्रावर अवघडून उभे राहावे लागणार नाही.

प्रश्न : वेगळ्या विदर्भाचे नाव घेणाऱ्या एकाही उमेदवाराला नागपुरात दखल घ्यावी अशी मते मिळाली नाहीत. ही मागणी संपली असे समजायचे का? (एक वाचक, इतवारी)

उत्तर : याच नागपूरने १९६२ मध्ये नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले होते, आणि १९७१ मध्ये देशभर इंदिरा लाट असताना फॉरवर्ड ब्लॉकच्या चिन्हावर जांबुवंतराव धोटे यांना. तेव्हा मागणीला मत होते. पुढे धोटे १९८० मध्ये काँग्रेसच्या चिन्हावर येथून निवडून आले, आणि १९९७ मध्ये भाजपने भुवनेश्वरच्या बैठकीत वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. मागणी दोन्ही मोठ्या घरांत मुक्कामाला गेली, आणि तिच्यासाठीच जन्मलेल्या पक्षांकडे मतदाराला देण्यासारखे वेगळे काही उरले नाही. या वेळी विदर्भात दहापैकी सात जागा महाविकास आघाडीने आणि तीन महायुतीने जिंकल्या; त्या प्रचारात सोयाबीन, संविधान आणि बेरोजगारी होती, विदर्भ राज्य नव्हते. तेलंगणाचे उदाहरण मात्र उलट दिशेने शिकवणारे आहे. २००१ मध्ये एकाच मागणीसाठी स्थापन झालेल्या पक्षाने २०१४ मध्ये राज्य मिळवले, साडेनऊ वर्षे चालवले, आणि नाव बदलून देशाचे स्वप्न पाहिल्यावर या लोकसभेत त्याला सतरापैकी एकही जागा मिळाली नाही. विदर्भवादी पक्षांकडे तेवढी चिकाटीही दिसली नाही. मागणी संपली असे मी म्हणणार नाही. तिला स्वतःचे घर राहिलेले नाही.

प्रश्न : १९ एप्रिलला मी आणि माझे पती केंद्रावर गेलो, तर यादीत त्यांचे नाव होते आणि माझे गायब. मागच्या वेळी मी मत दिले होते. बाहेर मोठ्या पक्षांच्या टेबलांवर विचारले, तर त्यांच्याकडेही नाव सापडले नाही; मला ज्यांना मत द्यायचे होते त्यांचे तर टेबलच नव्हते. आता काय करावे? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : नागपुरात या वेळी मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास थांबले. त्याचे कारण ऊन म्हणून सांगितले जाते, पण आपल्यासारखी तक्रार करणारी आणखी तीन पत्रे माझ्यासमोर आहेत. याद्या तपासण्यासाठी मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येक केंद्रासाठी आपला प्रतिनिधी नेमता येतो, जो वगळलेल्या आणि वाढलेल्या नावांवर लक्ष ठेवतो. मान्यता नसलेल्या पक्षाला ही सोय नाही, आणि ज्या पक्षाला आहे त्याच्याकडे माणसे उरलेली नाहीत, म्हणून छोट्या पक्षाच्या मतदाराचे नाव गळाले तर ते मतदानाच्या दिवशीच कळते. आपण लिहिलेले ‘टेबलच नव्हते’ हे वाक्य या पक्षांच्या जिल्हा कार्यालयांनी वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपण पुढील गोष्टी कराव्यात. २०२४ च्या विधानसभेसाठी १ जुलै २०२४ ही अर्हता दिनांक धरून याद्यांची पुनरीक्षण मोहीम झाली होती; पुढच्या निवडणुकीआधीही नाव असेच वेळेत तपासून घ्यावे. प्रथम आपले जुने ओळखपत्र घेऊन त्यावरील क्रमांकाने आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे, कारण केंद्र बदलल्यामुळे ते दुसऱ्या यादीभागात गेलेले असू शकते. तेथे नसेल तर नमुना क्रमांक ६ भरून आपल्या भागातील केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पत्ता बदललेला असेल तर नमुना ८ भरावा. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर ती पुन्हा पाहावी, आणि पतीच्या नावाचीही खात्री करून घ्यावी. आपल्या गल्लीत आणखी कोणाची नावे गळाली असतील, तर ते अर्ज एकाच दिवशी सोबत नेऊन द्यावेत, म्हणजे बीएलओला एकाच वेळी तपासणीला येता येईल.